‘दाखवा’ म्हणायला शिका: पहिल्या गृहभेटीपासून वस्तीच्या आरोग्यापर्यंत

‘गोळ्या रोज घेता ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’ असंच येतं. घरोघरी जाणारी नर्स म्हणून मी नवीन असताना एका आजोबांच्या फाइलमध्ये सलग तीन भेटींत ‘औषध नियमित’ असं लिहिलं होतं, आणि तिन्ही वेळा त्यांची तक्रार एकच होती: उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. चौथ्या वेळी सहज म्हटलं, ‘जरा गोळ्या दाखवता का?’ उशीजवळचा डबा उघडला. आत दोन स्ट्रिप्स. रंग वेगळे, नावं वेगळी, पण खाली बारीक अक्षरांत एकच औषध. एक स्ट्रिप नेहमीच्या डॉक्टरांची, दुसरी दवाखान्यातून घरी सोडताना दिलेली. आजोबा दोन्ही न चुकता घेत होते. माझी नोंद खोटी नव्हती. औषध अगदी नियमित चालू होतं, दुप्पट.

त्या दिवसापासून माझ्या प्रश्नांची जागा ‘दाखवा’ने घेतली. वॉर्डातून पहिल्यांदा घरोघरी जाणाऱ्या नर्सनी आणि शिकणाऱ्या मुला-मुलींनी ही एक सवय लावून घेतली, तर पुढच्या पायऱ्या सोप्या जातात. पायऱ्या म्हणते खऱ्या, पण प्रत्यक्षात त्या पुढेमागे होतात.

निघण्याआधी

आधी फाइल वाचा. हे सांगावं लागू नये, पण लागतं. मागच्या भेटीत काय ठरलं होतं ते माहीत नसेल, तर घरातली माणसं तेच सगळं पुन्हा सांगतात आणि आपल्यावरचा विश्वास तिथेच कमी होतो. मग आजच्या भेटीचा हेतू एका वाक्यात लिहा. ‘आरोग्य तपासणी’ हा हेतू झाला नाही. ‘दहा दिवसांच्या बाळाचं वजन बघणं आणि दूध नीट ओढतंय का ते पाहणं’ हा हेतू झाला.

दिवसाचा क्रम संसर्गाच्या हिशेबाने लावा. नवजात बाळं, बाळंतिणी आणि गरोदर बायका आधी. जखमेत पू असलेले, खोकल्याचे, तापाचे पेशंट शेवटी. तातडीचं काही असेल तर अर्थातच क्रम मोडतो.

बॅग भरताना बाहेरच्या कप्प्यात साबण, हात पुसायचा स्वच्छ टॉवेल आणि अंथरायचे कागद ठेवा. कारण हात धुण्याआधी बॅगच्या आत हात घालायचा नाही. सगळं बॅग टेक्निक, म्हणजे बॅगेतून एका घरचा संसर्ग दुसऱ्या घरी न नेण्याची पद्धत, याच एका वाक्यात आहे. घरात गेल्यावर कागद अंथरून त्यावर बॅग ठेवायची, जमिनीवर किंवा गादीवर नाही. हात धुवायचे, मग लागेल तेवढंच बाहेर काढायचं आणि वापरलेली वस्तू पुसून, निर्जंतुक करूनच परत आत ठेवायची. सुई वापरली तर टोपण पुन्हा लावू नका. सुई थेट टणक डब्यात टाका आणि डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करा.

आज कुठल्या घरी, किती वाजेपर्यंत, हे सहकाऱ्याला सांगून ठेवा. दारात पोचल्यावर आत भांडण चालू असेल किंवा कुणी नशेत असेल, तर ‘पुन्हा येते’ म्हणून निघा. यात भित्रेपणा काही नाही.

दारात आणि घरात

आपलं नाव, आपण कुठून आलो, कशासाठी आणि किती वेळ लागेल, हे चारही पहिल्या मिनिटात सांगून टाका आणि मग आत येऊ का म्हणून विचारा. नकार मिळाला तर तो मान्य करा. वॉर्डात पेशंट आपल्या वेळापत्रकाने चालतो, इथे आपण त्याच्या घरच्या वेळापत्रकात घुसलेलो असतो.

पत्ता शोधताना ‘ती टीबीची पेशंट कुठे राहते हो?’ असं शेजाऱ्याला विचारणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या एका प्रश्नाने एखाद्या घराचं जे नुकसान होतं, ते कुठल्याच औषधाने भरून येत नाही. नावाने विचारा, आजाराने नाही. कुणाचा निदानाचा कागद घरातल्या दुसऱ्या माणसासमोर उघडायचा असेल तर आधी त्या माणसाची परवानगी घ्या, मग तो दुसरा नवरा असो की सासू.

बसल्यावर डोळे उघडे ठेवा, पण झडती घेतल्यासारखं बघू नका. उजेड किती आहे, हवा खेळते का, चुलीचा धूर बाहेर जातो का, पाण्याचं भांडं झाकलेलं आहे का, औषधं मुलांच्या हाताला लागतील अशी ठेवली आहेत का. म्हातारं माणूस असेल तर त्याच्या पलंगापासून संडासापर्यंतचा रस्ता एकदा त्यांच्यासोबत चालून बघा. ‘रात्री उठता तेव्हा कसे जाता, दाखवा बरं.’ मग कळतं की दिव्याचं बटण दुसऱ्या भिंतीवर आहे, मधे सरकणारी सतरंजी आहे आणि आधाराला धरतात ती खुर्ची डगमगते. पडण्याचा धोका छापील तक्त्यातूनही मोजता येतो, पण हा दहा पावलांचा फेरा त्यापेक्षा जास्त सांगतो.

कुटुंब एका कागदावर

तीन पिढ्यांचा जीनोग्राम, म्हणजे नाती आणि आजार दाखवणारी वंशावळ, काढा. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, गेलेल्या माणसाच्या खुणेवर फुली; प्रत्येकासमोर वय आणि मोठे आजार. आजोबांना मधुमेह, आत्याला मधुमेह, थोरल्या मुलाला चाळिशीत मधुमेह असं कागदावर दिसलं की धाकट्याची साखर कधी तपासायची हे वेगळं सांगावं लागत नाही, तो स्वतःच विचारतो. मी तर हा कागद कुटुंबाच्या हातूनच काढून घेते. पेन्सिल त्यांच्या हातात दिली की आठवणीही जास्त निघतात.

त्याच कागदाच्या कडेने इकोमॅप काढा: या घराला बाहेरून आधार कोणाचा? शेजारीण, कामाची जागा, शाळा, दवाखाना, मित्रमंडळ. घट्ट नातं जाड रेघेने, ताणाचं नागमोडी रेघेने. ज्या घराला एकही जाड रेघ नाही, त्या घराची पुढची भेट लवकर ठेवा.

तीन गोष्टी मात्र रेघांत दिसत नाहीत, त्या बोलण्यातून काढाव्या लागतात: निर्णय कोण घेतं, पैसे कोणाच्या हातात असतात आणि सेवा कोण करतं. ही तीन माणसं बहुतेक वेळा वेगवेगळी असतात. आपण पथ्य समजावतो सेवा करणाऱ्या सुनेला, आणि बाजारातून सामान आणणारा दुसराच कुणी असतो. मग ‘सांगूनही ऐकत नाहीत’ असं आपण म्हणतो.

आणि सेवा करणाऱ्याला एक प्रश्न नक्की विचारा: ‘तुम्ही सलग किती तास झोपता?’ अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी बहुतेक वेळा दुसरा पेशंट हाच असतो. घरात मारहाण होत असेल अशी शंका आली, तर त्याबद्दल त्या बाईशी ती एकटी असतानाच बोला. इतरांसमोर विचारलेला तो प्रश्न तिलाच महागात पडू शकतो.

मोजमाप

बीपी घाईत घेतलं तर चुकतं, आणि ते बहुतेक वेळा वरच्या बाजूला चुकतं. आधीच्या अर्ध्या तासात धूम्रपान, चहा-कॉफी किंवा व्यायाम झालेला नसावा, लघवीला जाऊन आलेले असावेत. पाठ टेकून, पाय जमिनीवर, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं शांत बसवा. दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर टेकवलेला हवा. जाड दंडाला बीपी यंत्राचा लहान पट्टा (कफ) लावला की आकडा उगाच फुगतो. मोजताना बोलायचं नाही, तुम्हीही नाही. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा. १४०/९० किंवा वर आलं तर एका दिवसावरून शिक्का मारू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. मात्र १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोबडी वळणं किंवा अंधुक दिसणं असेल, तर थांबायचं नाही, ताबडतोब पाठवायचं.

खोकणाऱ्या मुलाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, मूल शांत असताना. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, २ ते ११ महिन्यांत ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे वेगवान. वयाच्या ६ महिन्यांपासून ५९ महिन्यांपर्यंत दंडघेर मोजा: खांदा आणि कोपराच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडलेला. ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषण.

पाच वर्षांखालच्या आजारी मुलात चार गोष्टी दिसल्या की बाकीची तपासणी बाजूला ठेवून हालचाल करा: काहीच पीत नाही किंवा अंगावरचं दूध ओढत नाही, पोटात गेलेलं सगळं उलटतं, झटके आले, सुस्त किंवा बेशुद्ध आहे.

बाळंतिणीकडे जायच्या वेळा जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिल्या आहेत. पहिल्या २४ तासांत, मग ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान, मग ७ ते १४ दिवसांत आणि पुन्हा सहाव्या आठवड्यात. सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं, म्हणून आईकडे मुद्दाम बघा. जास्त रक्तस्राव, ताप, जोराची डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे ठिपके, एकाच पायाला सूज आणि दुखणं, धाप. यातलं एकही असेल तर ‘बाळंतपणात होतंच’ म्हणून सोडू नका. उदासपणा दोन आठवड्यांवर गेला तर तोही याच यादीतला.

पाठवायचं ठरलं की नुसती चिठ्ठी देऊन भागत नाही. कुठे, कोणाला भेटायचं, कोण सोबत जाणार, वाहनाचं काय, घरी मागे मुलांना कोण बघणार, हे सगळं तिथेच बसून ठरवा. माझ्या अनुभवात चिठ्ठ्या फाटतात त्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसतं म्हणून. दुसऱ्या दिवशी फोन करून पोचले का ते विचारा.

सांगणं, आणि मग करून घेणं

एका मुलाला जुलाब होते. आईला विचारलं, ओआरएस देता का? हो. पाकीट घरात होतं, बाई हुशार होती, सगळं ठीक दिसत होतं. तरी म्हटलं, एकदा करून दाखवा. तिने एक लिटर पाण्यात घालायचं पाकीट फोडलं आणि एका पेल्यात सगळं ओतून चमच्याने ढवळलं. मूल एवढं पाणी पीत नाही, म्हणून तिने पाणी कमी केलं होतं. तिच्या दृष्टीने ते अगदी बरोबर होतं. पण एका पेल्यात लिटरभराचं मीठ गेलं तर ते मुलाला घातक ठरू शकतं.

मग आम्ही दोघींनी घरातली एक बाटली शोधली, लिटरचं माप घेऊन तिच्यावर रेघ मारली. पाकिटावर लिहिलं असेल तेवढंच पाणी, पूर्ण पाकीट एकाच वेळी, तयार पाणी २४ तासांत संपवायचं नाहीतर टाकून द्यायचं. दर पातळ शौचानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर, घोट घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. ‘सपाट’ हा शब्द सांगताना चमच्यावरून बोट फिरवून दाखवा. सोबत झिंक १० ते १४ दिवस, रोज २० मिलिग्रॅम. सहा महिन्यांखाली १० मिलिग्रॅम. जुलाब थांबले तरी झिंक थांबवायचं नाही.

शिकवल्यानंतर ‘समजलं ना?’ हा प्रश्न कामाचा नाही. त्याऐवजी म्हणा, ‘मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. संध्याकाळी घरचे आले की त्यांना हे कसं सांगाल?’ चूक निघाली तर ती आपल्या सांगण्यातली, असा सूर राहिला की माणसं मोकळेपणाने चुकतात आणि शिकतात.

सवयी बदलण्याचं काम याहून अवघड. सिगारेट सोडा, मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत आणा, आठवड्यात १५० मिनिटं चाला, वजन कमी करा असं एका दमात सांगितलं की त्यातलं एकही होत नाही. माणसालाच विचारा, यातलं कुठलं आधी जमेल? मग, ‘शून्य ते दहात किती खात्री वाटते?’ त्याने चार म्हटलं तर ‘चारच का?’ असं म्हणू नका. ‘दोन का नाही म्हणालात?’ असं विचारा. मग तो स्वतःच्या बाजूने बोलायला लागतो. विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक या मानसशास्त्रज्ञांनी रुळवलेली मुलाखतीची ही पद्धत मला सुरुवातीला शब्दांचा खेळ वाटली होती. आता वाटत नाही.

निघण्याआधी ठरलेली एकच गोष्ट आणि पुढच्या भेटीची तारीख दोन्हीकडे लिहा, फाइलमध्ये आणि त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर. नोंद त्याच दिवशी करा आणि दिसलं ते लिहा, वाटलं ते नाही. ‘आई निष्काळजी’ ही नोंद नव्हे. ‘लसीकरणाचं कार्ड सापडलं नाही, मागची तारीख आईला आठवत नाही’ ही नोंद.

एका घरातून वस्तीकडे

बहुतेकांचं काम घराशी संपतं. खरं तर इथून ते नर्सिंगच्या या शाखेचं, म्हणजे सामुदायिक आरोग्य नर्सिंगचं होतं. विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याने १८५९ मध्ये लिव्हरपूलमध्ये गरिबांच्या घरी नर्स पाठवायला सुरुवात केली. १८९३ पासून न्यूयॉर्कच्या स्थलांतरितांच्या वस्तीत घरोघरी फिरणाऱ्या लिलियन वॉल्ड या नर्सने मात्र आजारपणासोबत कोंदट खोल्या, शाळा आणि कामाच्या जागा याही आपल्याच कामात धरल्या.

जिना ओला म्हणून एका घरी माणूस पडला तर ती त्या घराची गोष्ट. एकाच इमारतीत तीन महिन्यांत चार माणसं पडली तर ती जिन्याची गोष्ट. पण हे दिसायला वहीची मांडणी बदलावी लागते. महिन्यातून एकदा सगळ्या भेटी घरानुसार न लावता तक्रारीनुसार लावा आणि हाताने काढलेल्या नकाशावर ठिपके द्या.

१८५४ मधला लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरचा कॉलरा आणि साथ तिथल्या पंपाच्या पाण्यातून पसरते असं म्हणणाऱ्या डॉक्टर जॉन स्नोचा नकाशा बहुतेकांना माहीत असतो. हेन्री व्हाइटहेडचं नाव मात्र मागे राहतं. तो तिथला तरुण पाद्री. स्नोच्या म्हणण्यावर त्याचा आधी विश्वास नव्हता, ते चुकीचं ठरवायला तो घरोघर फिरला आणि फिरता फिरता त्याची खात्री पटली. पंपाजवळच्या ४० नंबरच्या घरातलं तान्हं मूल सुरुवातीलाच आजारी पडलं होतं, त्याचे लंगोट धुतलेलं पाणी आईने पंपाच्या विहिरीलगतच्या शोषखड्ड्यात ओतलं होतं, हे त्याने शोधून काढलं. कुठल्या दारी काय विचारायचं आणि कोण खरं सांगेल, हे त्या वस्तीत रोज वावरणाऱ्या माणसालाच माहीत होतं. आपली जागा व्हाइटहेडची आहे.

ठिपक्यांनी फसायचं मात्र नाही, खाली भागायचा आकडा हवा. समजा एका वस्तीत २५ मुलांना जुलाब झाले, दुसरीत २०. पहिलीकडे धावत जाण्याआधी मुलं मोजा. पहिलीत २५० मुलं असतील तर दर शंभरात १०, दुसरीत १०० असतील तर दर शंभरात २०. आधी जायचं ते दुसरीकडे.

वस्ती वेगवेगळ्या वेळी पायी फिरा. सकाळची, दुपारची, रात्रीची वस्ती वेगळी असते. काय नाही याबरोबर काय आहे तेही लिहा: ज्याचं सगळे ऐकतात असं माणूस, जिथे बायका जमतात ती जागा, मोकळं मैदान, चालू असलेला नळ. कार्यक्रम उभा राहतो तो याच्यावर.

आणि बंद घरं. दुपारी बाराला दार वाजवलं, कुलूप, पुढे चला. आमच्या वहीत अशी घरं ‘बंद’ म्हणून नोंदली जात आणि टक्केवारी काढताना हळूच वगळली जात. पण दुपारी कुलूप कुणाच्या घराला असतं? जिथे सगळेच कामावर गेले आहेत त्यांच्या. ज्यांना सेवेची गरज सर्वांत जास्त, त्यांनाच ती सर्वांत कमी मिळते, असं ज्यूलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरने १९७१ मध्ये मांडलं. आपल्या वहीत ते ‘बंद’ या दोन अक्षरांत लिहिलेलं असतं. गोवराची साखळी तोडायला सुमारे ९५ टक्के मुलं सुरक्षित हवीत. उरलेली मुलं गावभर विखुरलेली असतील तर एकवेळ चालतं, पण ती एकाच गल्लीत एकमेकांशी खेळत असतील तर एकूण टक्केवारी चांगली असूनही साथ तिथेच पेटते. म्हणून बंद घरांची वेगळी यादी करा आणि तिच्यासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ किंवा सुट्टीची सकाळ राखून ठेवा.

कार्यक्रम आखताना

विषय आपण ठरवून जाऊ नका. आपल्याला बीपी महत्त्वाचा वाटतो, लोकांना गटार. गटारापासून सुरुवात केली तर पुढच्या महिन्यात बीपीला लोक येतात. उलटं केलं तर दोन्ही राहतं. आरोग्यसंवर्धनाबद्दलच्या १९८६ च्या ओटावा जाहीरनाम्यातही माणसाला शहाणं करण्याबरोबर धोरण, परिसर आणि लोकांची स्वतःची कृती यांना तेवढंच वजन आहे. जिन्याला कठडा बसवून घेणं हेही आरोग्य शिक्षणाइतकंच नर्सचं काम आहे.

तपासणी शिबिराचा मोह आवरा. १९६८ मध्ये विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी चाळणी तपासणीचे, म्हणजे लक्षणं नसलेल्या माणसांतून आजार शोधण्याचे, निकष लिहिले, त्यात निदान आणि उपचाराची सोय उपलब्ध हवी ही अट आहे. सापडलेल्या पेशंटला पुढे कुठे पाठवायचं ते ठरलेलं नसेल, तर शिबिरातून आपण माणसाच्या हातात फक्त काळजी देतो.

उद्दिष्ट मोजता येईल असं लिहा: कोणात, काय, किती, कधीपर्यंत. ‘स्वच्छतेबद्दल जागृती’ मोजता येत नाही. ‘सहा महिन्यांत संडासाजवळ साबण आणि पाणी असलेली घरं ४० वरून ७० टक्के’ हे मोजता येतं, अट एवढीच की सुरुवातीचे ४० तुम्ही स्वतः मोजलेले असावेत. सहा महिन्यांनी पुन्हा त्याच घरांत जा. जेवणाआधी हात धुता का, हे विचारू नका. हात कुठे धुता ते दाखवा म्हणा. तिथे साबण आहे का बघा, आणि ओला आहे का तेही बघा.